2.40 म्हणजे किती एकर? एआय एजंटला समजेल अशी टूलची माहिती कशी लिहावी

मृग लागून आठवडा झाला होता. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही दोघांनी मिळून एक एआय मदतनीस तयार केला होता. शेतकऱ्यानं मोबाइलवर मराठीत प्रश्न विचारायचा आणि मदतनिसानं कंपनीच्या नोंदी चाळून उत्तर द्यायचं. चाचणीसाठी गावातल्याच एका काकांना समोर बसवलं. त्यांनी विचारलं, "माझ्या गटात सगळं सोयाबीन पेरायचं म्हणलं तर बियाणं किती लागंल?"

उत्तर आलं, 72 किलो.

काका क्षणभर मोबाइलकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्यात तर निम्मं वावर बी व्हणार न्हाई."

नोंदीत त्यांचं क्षेत्र होतं 2.40. सातबाऱ्यावर असतं तसं, हेक्टर-आर मध्ये. 2 हेक्टर 40 आर म्हणजे जवळपास 5 एकर 37 गुंठे. एकरी 30 किलोच्या हिशेबानं बियाणं लागतं साधारण 178 किलो. मदतनिसानं 2.40 हे एकर धरले आणि 30 नं गुणले. गुणाकार चोख होता. पण त्याला क्षेत्राचा आकडा काढून देणाऱ्या टूलची, म्हणजे छोट्या प्रोग्रामची, माहिती मी लिहिली होती आणि ती एवढीच होती: "शेताचं क्षेत्र देते." हेक्टर की एकर, हे मी लिहिलंच नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही, कारण सातबाऱ्यावर हेक्टर असतात हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

त्या दिवसापासून या विषयाकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. आता गावोगावची पोरं असे मदतनीस बनवायला लागलीत. कुणी दूध संकलनासाठी, कुणी पतसंस्थेसाठी, कुणी ग्रामपंचायतीच्या करवसुलीसाठी. सगळ्यांचं लक्ष मॉडेल कोणतं घ्यावं याकडं असतं. टूलची माहिती मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईत दोन शब्दांत उरकली जाते, आणि काम नेमकं तिथंच बिघडतं.

एजंट म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांच्यामागं जे मॉडेल असतं, ते मुळात मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं. त्याला आपलं शेत दिसत नाही, बाजारातला आजचा भाव माहीत नसतो, कुणाला निरोपही धाडता येत नाही. त्याच्या हातून काम करून घ्यायचं तर त्याला टूल द्यावी लागतात. टूल म्हणजे एक छोटा प्रोग्राम. एक टूल गटाचं क्षेत्र काढून देतं, दुसरं बाजारभाव आणतं, तिसरं एसएमएस पाठवतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे जे स्वतः ठरवतं आणि काम तडीला नेतं, त्याला एजंट म्हणायचं.

त्या टूलच्या पोटात काय चाललंय हे मॉडेलला दिसत नाही. त्याच्या हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर टूलचं नाव, ते काय करतं हे सांगणाऱ्या दोन-चार ओळी आणि ते चालवायला कोणकोणती माहिती भरावी लागते, एवढंच असतं. ती वाचून मॉडेल उलट चिठ्ठी लिहितं की अमुक टूल चालवा, गट नंबर अमुक घ्या. आपला प्रोग्राम ती वाचतो, टूल चालवतो आणि जे येईल ते मजकूर म्हणून मॉडेलपुढं ठेवतो. मॉडेल ते वाचून पुढचं पाऊल टाकतं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं जून 2023 मध्ये ही सोय फंक्शन कॉलिंग या नावानं सगळ्या प्रोग्रामरांना खुली केली. नोव्हेंबर 2024 मध्ये क्लॉडवाल्या अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या मदतनिसांना जोडता यावं यासाठीचं एक खुलं मानक. चिठ्ठी कोणत्या घडीची असावी हे आता बऱ्यापैकी ठरलंय. तिच्यावर काय लिहायचं ते मात्र आपल्यालाच ठरवायचं आहे.

माणसासाठी माहिती लिहिली आणि ती अर्धवट राहिली तरी निभावतं. प्रोग्रामर आतला कोड उघडून बघतो, फोन करतो, चहाच्या टपरीवर विचारून घेतो. एजंटला यातलं काही शक्य नाही. आमच्याकडं पाडव्याला नवा सालगडी ठरतो. पहिल्या दिवशी त्याला सगळं सांगावं लागतं. मोटारीचा स्टार्टर अडकतो तो कसा दाबायचा, कोणता बैल मारका आहे, कोणत्या बांधावरून वाद चालू आहे. महिनाभरात तो बघून बघून शिकतो आणि दिवाळीपर्यंत त्या वावराचं मालकापेक्षा त्याला जास्त कळायला लागतं. एजंटचा मात्र रोज पाडवा असतो. नवं संभाषण सुरू झालं की तो कोरा येतो. काही मदतनिसांना मागचं लक्षात ठेवायची सोय असते, पण स्टार्टर कुठं अडकतो हे त्या सोयीच्या भरवशावर सोडता येत नाही. दर वेळी, पहिल्यापासून, चिठ्ठीवर जे आहे तेवढंच त्याचं ज्ञान.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. जे सगळ्यांना माहीतच आहे असं आपल्याला वाटतं, ते आधी लिहा. अवघड भाग आपण आपसूक लिहितो, कारण तो अवघड आहे हे आपल्याला ठाऊक असतं. जे अंगवळणी पडलेलं असतं ते डोळ्यांआड जातं, आणि एजंट अडखळतो तो त्याच जागी.

पुन्हा त्या 2.40 कडं येऊ. हा एक आकडा किती रूपं घेतो बघा. सातबाऱ्यावर असेल तर 2 हेक्टर 40 आर. शंभर आरांचा एक हेक्टर, त्यामुळं दशांश चिन्हाचा हिशेब इथं नीट जुळतो. शेतकऱ्यानं वहीत एकर-गुंठे लिहिले असतील तर गोष्ट वेगळी. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणून वहीतलं 1.20 म्हणजे 1 एकर 20 गुंठे, सरळ दीड एकर. संगणक त्याला एक पूर्णांक दोन दशांश वाचतो आणि बारा गुंठे हवेत जातात. या पद्धतीनं 2.40 असा आकडा तर असूच शकत नाही. चाळीस गुंठे झाले की माणूस 3 एकर म्हणतो. काकांना हे सांगावं लागत नाही. एजंटला सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि तो अडून बसत नाही, त्याला जास्त संभवनीय वाटेल तो अर्थ धरून पुढं जातो.

माझी आधीची चिठ्ठी अशी होती:

नाव: क्षेत्र
काय करतं: शेताचं क्षेत्र देते.
काय भरायचं: गट

आता ती अशी आहे:

नाव: सातबारा_क्षेत्र_पहा
काय करतं: एका गटाचं सातबाऱ्यावर नोंदलेलं क्षेत्र देतं. उत्तरात तीन आकडे येतात: एकूण क्षेत्र हेक्टरमध्ये, लागवडीयोग्य क्षेत्र हेक्टरमध्ये आणि लागवडीयोग्य क्षेत्र एकरमध्ये, दशांशात. एकूण क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे पीक न घेता येणारी जमीन, धरलेली असते. बियाणं, खत, फवारणी यांचा हिशेब नेहमी लागवडीयोग्य क्षेत्रावर करा. हेक्टरचे एकर स्वतः करू नका, दिलेला आकडा घ्या. शेतकऱ्यानं तोंडी सांगितलेलं क्षेत्र तपासायला हे टूल वापरू नका. सातबारा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक असू शकतो. या हंगामात काय पेरलंय हे या टूलला माहीत नाही. त्यासाठी पीक_पाहणी_नोंद_पहा वापरा.
काय भरायचं: तालुका (हवाच), गाव (हवंच), गट नंबर (हवाच, पोटहिस्सा असेल तर 112/2 असा लिहा).

काकांच्या गटात पोटखराबा नव्हता, म्हणून त्या दिवशी तो प्रश्न उठला नाही. उठला असता तर आणखी एक चूक निघाली असती. तालुका हवाच असं लिहायचं कारणही सांगतो. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव या नावांची गावं तालुक्या-तालुक्यांत सापडतात. शेतकरी नुसतं "वडगाव" म्हणतो, कारण त्याच्यासाठी वडगाव एकच असतं.

आणखी एक. या टूलचा उपयोग कधी करायचा नाही, हे मी स्पष्ट लिहिलंय. माहिती लिहिताना आपण टूल काय काय करतं ते हौसेनं लिहितो आणि काय करत नाही ते गाळतो. एजंटला त्या गाळलेल्या ओळीची जास्त गरज असते. त्याच्यापुढं दहा-पंधरा टूल मांडलेली असतात आणि दोन टूल सारखी वाटली की तो हाताला येईल ते उचलतो. आमच्याकडं एके काळी भाव_पहा, दर_माहिती आणि बाजार_डेटा अशी तीन टूल होती, तीन वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेली. माणसांचाही गोंधळ व्हायचा. शेवटी तिन्ही मोडून एकच केलं. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, त्यातला शेतकऱ्याला कोणता सांगायचा हेही त्याच चिठ्ठीवर लिहिलं. नाहीतर एजंट कमाल दर सांगून मोकळा होतो, आणि तो दर ज्याच्या मालाला मिळाला असेल तो एखादाच असतो.

एकक आणि अर्थ यांच्या गोंधळाचं याहून मोठं उदाहरण मराठवाड्यात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ते म्हणजे जायकवाडी. तिथल्या नाथसागर जलाशयाची एकूण साठवण क्षमता 2909 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातला जिवंत साठा 2171 दलघमी, म्हणजे साधारण 76.65 टीएमसी (अब्ज घनफूट). उरलेला 738 दलघमी मृतसाठा, तो 26 टीएमसीच्या आसपास. पेपरात "जायकवाडी 40 टक्के" असं छापून येतं तेव्हा ती टक्केवारी जिवंत साठ्याची असते. शून्य टक्के झालं तरी धरणात 26 टीएमसी पाणी असतं आणि टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी त्या मृतसाठ्यातूनही उपसा होतो. आता एखाद्या टूलनं उत्तर दिलं, "साठा: 0", आणि चिठ्ठीवर जिवंत साठ्याचा उल्लेखच नसला, तर एजंट सरळ सांगणार की धरण कोरडं पडलं. 2016 साली ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या माणसाला असं वाक्य वाचून काय वाटेल याचा विचार करा.

विसर्गाचंही तसंच. क्युसेक हा वेग आहे, दर सेकंदाला किती घनफूट पाणी जातं त्याचा. टीएमसी आणि दलघमी हे साठ्याचं माप. 11,574 क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. टूलच्या उत्तरात "विसर्ग: 11574" आणि "साठा: 76.65" असे नुसते आकडे शेजारी शेजारी आले, तर कुणीही त्यांची नको ती बेरीज-वजाबाकी करेल. म्हणून आता मी एकक आकड्याच्या नावातच घालतो: विसर्ग_क्युसेक, जिवंत_साठा_दलघमी, जिवंत_साठा_टक्के. चिठ्ठीतली ओळ नजरेतून सुटू शकते, नाव सुटत नाही.

तारीख आणि वर्ष यांनी मला सगळ्यांत जास्त छळलंय. 03/07/2025 ही आपल्यासाठी 3 जुलै, पण अमेरिकी पद्धतीनं वाचली तर 7 मार्च. त्यावर उपाय सोपा आहे, 2025-07-03 असं आधी वर्ष, मग महिना, मग दिवस मागायचं. वर्षाचा गुंता मात्र खोल आहे. "वर्ष 2024" म्हणजे कोणतं? जानेवारी ते डिसेंबर? कंपनीचा हिशेबनीस एप्रिल ते मार्च धरतो. तलाठी 1 ऑगस्ट ते 31 जुलै धरतो, कारण महसुली वर्ष तसं चालतं. शेतकरी विचारतो "खरीप चोवीसला काय झालं", तेव्हा त्याच्या मनात फक्त जून ते ऑक्टोबर असतात. आणि कुणी आजोबांच्या काळातले कागद स्कॅन करून घातले असतील, तर हैदराबाद संस्थानातल्या त्या कागदांवर फसली सन असतो, ज्यात साधारण 590 मिळवल्याशिवाय इसवी सन येत नाही. एक शब्द, पाच अर्थ. म्हणून टूलमध्ये "वर्ष" असा रकाना ठेवूच नये. "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन पूर्ण तारखा मागाव्यात.

जिल्ह्यांच्या नावांचं तर आपल्याकडं अगदी अलीकडंच घडलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 साली झालं. जुन्या फायलींत जुनी नावं, नव्या नोंदींत नवी, आणि लोकांच्या तोंडी दोन्ही. आमच्या पावसाच्या नोंदी जुन्या नावानं होत्या. एकानं धाराशिवचा पाऊस विचारला. टूलनं रिकामी यादी परत दिली, कारण त्या नावाची एकही नोंद नव्हती. एजंटनं रिकामी यादी वाचली आणि लिहिलं, "गेल्या आठवड्यात धाराशिव जिल्ह्यात पाऊस झालेला नाही."

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. पाऊस शून्य असणं आणि नोंद नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडं महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्यावर अतिवृष्टी ठरते. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी, आणि पंचनामे तिथून सुरू होतात. चुकीचं शून्य हा साधा आकडा राहत नाही. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. जिल्ह्याच्या रकान्यात मोकळं काही लिहायची सोय काढून टाकली आणि आठ नावांची बांधील यादी दिली. त्या यादीबाहेरचं काही चालतच नाही, आणि जुनं नाव आलं तर टूल स्वतःच ते नव्यात बदलून घेतं. दुसरं, नोंद नसेल तेव्हा रिकामी यादी द्यायची नाही. शब्दांत सांगायचं: "या तारखांची नोंद आमच्याकडं नाही. याचा अर्थ पाऊस झाला नाही असा नाही."

यावरून त्रुटीच्या संदेशाकडं येतो. बरेच जण त्याला टूलच्या माहितीचा भाग समजतच नाहीत. एजंट मात्र तो संदेश सगळ्यांत लक्ष देऊन वाचतो, कारण त्याला पुढं काय करायचं ते त्यावरून ठरवायचं असतं. "त्रुटी 400" एवढंच लिहून आलं तर तो तेच पुन्हा करतो किंवा अंदाजानं काहीतरी बदलून बघतो. त्याच जागी असं लिहा: "गट नंबर सापडला नाही. तुम्ही 112-2 असा दिलात. पोटहिस्सा तिरप्या रेघेनं लिहा, जसं 112/2. तरीही सापडला नाही तर शेतकऱ्याला सातबाऱ्याचा फोटो मागा." दुसऱ्या खेपेला तो बरोबर जातो.

कुठं चूक होऊ शकते हे दिसलं की चिठ्ठीत इशारा लिहिण्याआधी त्या चुकीची वाटच बंद करता येते का, ते बघावं. अँथ्रॉपिकनं डिसेंबर 2024 मध्ये आपल्या अनुभवातली एक गोष्ट मांडली होती. त्यांचा कोड दुरुस्त करणारा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फायलींचे पत्ते चुकवायचा. पत्ते सापेक्ष होते, म्हणजे आपण आत्ता जिथं उभे आहोत तिथून मोजलेले. त्यांनी टूलच असं बदललं की मुळापासूनचा पूर्ण पत्ता दिल्याशिवाय ते चालणारच नाही. चुका थांबल्या. आपल्याकडं वाट सांगतात ना, "मारुतीच्या देवळापासून डावीकडं, मग लिंबाचं झाड." देवळासमोर उभं असलेल्याला ते पुरतं. वेशीवरून आलेल्याला गट नंबर लागतो.

सगळ्यांत जपून लिहायची चिठ्ठी म्हणजे जी टूल काहीतरी बदलतात किंवा बाहेर पाठवतात त्यांची. माहिती बघणारं टूल दहादा चालवलं तरी बिघडत नाही. एसएमएस पाठवणारं दोनदा चाललं तर गावातल्या प्रत्येक सभासदाला दोन एसएमएस जातात. आमचं तसं झालं. नेटवर्क मंद होतं, टूलकडून उत्तर यायला उशीर झाला, एजंटला वाटलं काम झालं नाही आणि त्यानं पुन्हा चालवलं. निरोप होता "उद्या सकाळी खत वाटप". दुसऱ्यांदा आलेल्या एसएमएसचा अर्थ काहींनी परवाही वाटप आहे असा घेतला आणि परवा माणसं येऊन थांबली. मजुरीचा दिवस मोडून आलेल्या माणसांना काय सांगणार? आता त्या टूलच्या पहिल्याच ओळीत आहे: "हे टूल खरे एसएमएस पाठवतं, ते परत घेता येत नाहीत. उत्तर आलं नाही तर पुन्हा चालवू नका. आधी निरोप_स्थिती_पहा चालवून गेला की नाही ते बघा. पन्नासपेक्षा जास्त जणांना पाठवायचं असेल तर आधी माणसाची परवानगी घ्या." त्यावर न थांबता टूलच्या आतही सोय केली की एकाच निरोपाला एकच क्रमांक, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर एसएमएस जात नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल फक्त वाचणारं आहे का, मोडतोड करू शकतं का, पुन्हा चालवलं तर परिणाम दुप्पट होतो का, हे खुणेनं सांगायची जागा आहे. ती भरावी. पण खूण ही खूणच, कुलूप नव्हे. अनोळखी माणसाच्या टूलवर अशी खूण दिसली म्हणून विसंबू नये, आणि त्याची चिठ्ठी स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय ते टूल जोडूही नये. चिठ्ठीतला प्रत्येक शब्द थेट मॉडेलच्या वाचनात जातो, तिथं कुणी वाईट हेतूनं काही घुसडलं असेल तर तेही जातं.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. टूलचं आणि रकान्याचं नाव बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. या लेखात मी ती देवनागरीत लिहिली आहेत. माहितीच्या ओळी कोणत्याही भाषेत चालतात. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि बहुतेक मॉडेलांत तोच मजकूर देवनागरीत जास्त टोकन खातो. म्हणजे खर्च थोडा वाढतो. तरी मी पहिला खर्डा मराठीतच करतो. पोटखराबा, वहिवाट, पोटहिस्सा या गोष्टी माझ्या डोक्यात मराठीत आहेत. इंग्रजीत लिहायला बसलो की त्या पातळ होतात. नंतर हवं तर इंग्रजी करावं, पण हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ शेजारी लिहावा. शेतकरी प्रश्नात हेच शब्द वापरणार आहे.

टोकनचाच विचार करून उत्तरंही आटोपशीर ठेवावीत. "सगळ्या सभासदांची यादी" मागितली आणि टूलनं हजारभर नावं पत्त्यांसकट ओतली, तर मॉडेलच्या वाचायच्या जागेत मूळ प्रश्नच गाडला जातो. वीस-वीस नोंदी द्याव्यात, पुढच्या कशा मागायच्या ते लिहावं.

युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची. तिच्यात प्रत्येक आज्ञेखाली उणिवांसाठी स्वतंत्र रकाना होता: ही आज्ञा कुठं फसते, ते ती लिहिणाऱ्यांनीच तिथं सांगितलं. तेव्हा एजंट हा शब्दही या अर्थानं नव्हता. मला तो रकाना फार मोलाचा वाटतो आणि माझ्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी आता "उणिवा" अशी ओळ ठेवतो. पावसाच्या टूलखाली आहे: "आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आहे, गावात प्रत्यक्ष पडलेला पाऊस वेगळा असू शकतो." ती ओळ असल्यापासून एजंट शेतकऱ्याशी वाद घालत नाही. "तुमच्या मंडळात 12 मिलिमीटरची नोंद आहे, तुमच्या शिवारात जास्त झाला असू शकतो," असं म्हणतो.

चिठ्ठी जमली की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे. लोकांनी खरोखर विचारलेले पंधरा-वीस प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट एका वहीत ठेवलेत. चिठ्ठीत काही बदललं की ते सगळे पुन्हा विचारतो. उत्तर बरोबर आलं का एवढंच बघत नाही, एजंटनं मध्ये कोणतं टूल उचललं, रकान्यात काय भरलं, कुठं दोनदा ठेचाळला, ते ओळीनं वाचतो. जिथं ठेचाळला तिथं बहुतेक वेळा माझंच काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं. आणि दुसरी रीत अशी की, ज्यांना सॉफ्टवेअरचं काही माहीत नाही पण तो धंदा ज्यांच्या हाडीमाशी मुरलाय, त्यांना चिठ्ठी छापून वाचायला द्यायची.

परवाच आडतीवरच्या वजनाच्या टूलची चिठ्ठी घेऊन एका मुनीमकाकांकडं गेलो. तीस-बत्तीस वर्षं ते मालविक्रीच्या पट्ट्या लिहितायत. त्यांनी चष्मा वर सारून कागद पूर्ण वाचला, बोट एका ओळीवर ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं, "मालाचं वजन क्विंटलमध्ये."

"कोणतं वजन?" ते म्हणाले. "काट्यावरचं का बारदाना काढून ऱ्हायलेलं?"

मी थांबलो. नोंदीत काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. त्यांनी मागच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला, दोन पट्ट्या समोर ठेवल्या आणि दाखवलं. गेल्या हंगामापर्यंत काट्यावरचं वजन लिहिलं जायचं, आणि नवा मुलगा कामाला लागल्यापासून बारदाना, म्हणजे पोत्यांचं वजन, वजा करून.

"हे तेवढं लिही की रं त्यात," म्हणाले. "कुणापासून बदललं, ते बी."

संध्याकाळी ते नवं पोरगं कोणत्या तारखेला लागलं हे विचारायला पुन्हा आडतीवर गेलो, आणि चिठ्ठीत दोन ओळी वाढवल्या.